छिद्रान्वेषी

रिफायनरीत गंधक काढणारा रिअॅक्टर उत्प्रेरकाचे नवे पांढरे गोळे भरण्यासाठी उघडून ठेवला होता. सगळं काम खोळंबलं होतं, कारण रसायनतज्ज्ञ हेमांगी तोरसकर सही देत नव्हती.

"गोळे बघा, कसे गुळगुळीत, टणक!" मॅनेजर घारपुरे कडाडले. "सही करा, नाहीतर घरी बसा."

हेमांगीने मागच्या खेपेतला एक कोरा गोळा पाण्यात टाकला. भसाभस बुडबुडे सुटले. मग नवा टाकला. तो दगडासारखा गप्प.

"साहेब, वायू गोळ्याच्या छिद्रांत शिरतो, तिथेच त्याचं गंधक होतं. छिद्रंच नसतील, तर तो विषारी वायू धुराड्यातून थेट गावावर."

"तुम्ही मुळातच छिद्रान्वेषी!"

"त्याचाच तर पगार घेते, साहेब. पण तुमच्या मालात छिद्र सापडेना, म्हणूनच सही अडलीय."

नव्या गोळ्यांची पोती आल्या पावली परत गेली.