घामाने धरलेली माती

'व्यायाम' या शब्दाचा मूळ अर्थ आहे ताणणे, पसरणे. देहाने आपल्या सवयीची सीमा थोडी ओलांडावी, एवढेच तो शब्द मागतो. ते मातीत घडावे की फरशीवर, याविषयी तो मौन पाळतो. आपण मात्र फार बोलतो.

एकदा एक धान्याचा व्यापारी आपल्या लहान मुलीला घेऊन तालमीत आला. जिना चढतानाही तिला धाप लागे, आणि डॉक्टरांनी व्यायामाविषयी निक्षून सांगितले होते. तालमीचे वृद्ध वस्ताद आता केवळ कट्ट्यावर बसत. शिकवण्याचे काम त्यांचा शिष्य पाही. मुलीने आत पाऊल टाकले न टाकले तोच कोणी ओरडले, "शेटजींनी गोणी पाठवली रे!" हशा पिकला. ती पुन्हा तालमीकडे फिरकली नाही.

व्यापाऱ्याने मग घरी व्हिडिओ गेमचे यंत्र आणले. रिमोट धरून आपण ठोसा मारावा, वाकावे, उडी घ्यावी, की पडद्यावरचा खेळाडूही तसेच करी. मुलगी त्यात रमली. शिष्याच्या कानी हे गेले, तेव्हा तो संतापला. "शेटजी, हे व्यायामाचे सोंग आहे. परत करा ते." व्यापाऱ्याचे मन डळमळले. उद्याच परत करतो, म्हणाला.

वस्तादांना हे कळले. आखाड्यातील मूठभर तांबडी माती उपरण्यात बांधून ते शिष्यासह व्यापाऱ्याच्या घरी गेले. त्यांच्या तालमीची रीत अशी, की नवशिक्याच्या कपाळाला माती लावायची ती पहिला घाम फुटल्यावरच. माती टिकली, की तो तालमीचा झाला.

"खेळून दाखव, पोरी," ते म्हणाले.

मुलगी कोचावर बसली आणि तिने नुसते मनगट झटकले. पडद्यावरचा प्रतिस्पर्धी आडवा झाला. "बघा आजोबा, असं केलं तरी जिंकता येतं. उठावंच लागत नाही."

वस्तादांनी तिच्या कपाळाला चिमूटभर माती लावली. ती भुरभुरत खाली सांडली.

"पाहिलंत?" शिष्य हसला.

"पाहिलं. आता दुसरा रिमोट तू घे."

"मी? वस्ताद, लोक काय म्हणतील?"

"लोक इथं नाहीत. घे."

शिष्य अवघडून उभा राहिला. पहिलाच ठोसा त्याला बसला. "अहो दादा, वाका ना! पहिलवान ना तुम्ही?" मुलगी खिदळली. शिष्याने त्वेषाने उत्तर दिले, आणि ते चुकवण्याच्या नादात ती केव्हा उभी राहिली, हे तिलाही कळले नाही. व्यापाऱ्याने घाईघाईने मेज बाजूला ओढले. शिष्य हरला, पुन्हा डाव मागून पुन्हा हरला. अखेर दोघेही धापा टाकत फरशीवर बसले. वस्तादांनी दोघांच्याही कपाळाला माती लावली. दोन्ही कपाळांनी ती धरली.

"यंत्राला फसवता येतं," वस्ताद शांतपणे म्हणाले. "मातीला येत नाही. पण घाम कोणत्या खेळाचा, हेही माती विचारत नाही. एकटी होती तोवर मनगटावर भागत होतं. समोर माणूस उभा राहिला, तेव्हा सारं अंग जागं झालं."

"पण एवढ्यानं ती पहिलवान होईल का?" शिष्याने विचारले.

"नाही. कुस्ती मातीतच शिकावी लागते. मात्र तिला कुस्ती कुठं हवी आहे? तिला जिना चढायचा आहे."

शिष्याने मान खाली घातली. यंत्र परत गेले नाही.

ही कथा सांगणारे शेवटी हमखास सांगतात, की मुलीने यंत्राचा त्याग केला आणि ती तालमीत दाखल झाली. हे खरे नव्हे. ती तालमीत कधीच आली नाही. शिष्यच रोज सायंकाळी तिच्या घरी जाई, आणि बहुधा हरून परते.