खोटं कधी बोललात?

वैजयंती सोहोनींनी वीस वर्षं पुढाऱ्यांचे प्रचार आखले आणि मग त्या एका वृत्तवाहिनीवर राजकारणाचं विश्लेषण करू लागल्या. एकदा थेट कार्यक्रमात मंत्री दौलतराव हिंगे त्यांच्यावर उखडले.

“बाई, गेल्या निवडणुकीत माझा प्रचार तुम्हीच केलात आणि आता माझ्यावरच टीका करता. मग खोटं कधी बोललात, तेव्हा की आज?”

काहीही कबूल केलं, तरी वैजयंतीबाईंची कमावलेली पत जाणार होती. पण आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “साहेब, तेव्हा तुमचा जाहीरनामा मी लिहिला. आज तोच लोकांना वाचून दाखवतेय.”

जाहिराती सुरू झाल्या असं समजून हिंगे सचिवाला म्हणाले, “पुढच्या वेळी या बाई आपल्याकडेच हव्यात.”

माइक चालूच होता.