लोहाईला आलेलं स्थळ

एक होता राजा. राज्य इवलंसं, पण मुकुट भला मोठा. तो सारखा डोळ्यांवर घसरायचा. मग राजाला दिसायचं काय? प्रधान सांगेल ते.

राज्यात एक डोंगर होता, लोहाई नावाचा. पोटात लोखंड, पाठीवर ऐनाचं जंगल. लोहाई म्हणजे गावाची लेक. दर दिवाळीला गावकरी तिची ओटी भरायचे. पुढं पाऊस रुसला, कोठारं रिकामी झाली, माणसं गाव सोडू लागली.

मग एक परदेशी शेठ आला. पोट हे एवढं, आणि पायाला धूळ नाही. मला तर तिथंच शंका आली असती, बरं का. तो म्हणाला, "महाराज, लोहाई मला द्या. मी कोठारं भरून देतो."

प्रधानानं मान डोलावली. हे काम तो मनापासून करायचा.

तिथं पारबताआजी उभी होती. ती ऐनाच्या झाडांवरच्या रेशमाच्या कोशांतून सूत काढायची. ती म्हणाली, "पाहुणे, लेक मागताय, तर रीतीनं मागा. आधी लग्न झालंय?"

"तीन झालीत. तिघी सुखात आहेत."

"अगं बाई, तीन सवती! मग आम्ही त्यांना भेटूनच येतो."

मुलीचा बाप म्हणून राजाला जावंच लागलं. वाटेत ऊन तापलं, मुकुट तापला, म्हणून राजानं तो काढला. झालं, त्याला दिसायला लागलं!

पहिल्या डोंगराच्या जागी नुसता खड्डा. आजीनं वाकून हाक मारली, "लेकी, कशी आहेस गं?" खालून आवाज आला, "तहान लागलीय."

मग दुसरा खड्डा. त्यात लालभडक पाणी. आवाज आला, "माझी झाडं कुठं गं ठेवलीत?"

मग तिसरा. तिथून पडसादसुद्धा आला नाही. काठावर एक म्हातारा बसला होता. म्हणाला, "धान्य मिळालं हो. लोखंड होतं तोवर."

परत आले, तर शेठ हार घालूनच बसलेला. आजी म्हणाली, "स्थळ पसंत आहे. अट एकच. घरजावई व्हा. लोहाईच्या पायथ्याशी राहा, तिथलंच पाणी प्या, लेकरं तिथंच वाढवा."

"खाणीशेजारी?" शेठ ओरडला. "तिथं कुणी लेकरं वाढवतं का?"

आणि त्यानं तोंडावर हात दाबला. पण उशीर झाला होता. त्याच्या पोटातले तीन डोंगर गडगडले, आणि तो पळत सुटला.

"ते ठीक," राजा म्हणाला, "पण आता खायचं काय?"

"राणीसाहेबांचा शालू कुठला?" आजीनं विचारलं.

"परगावचा."

"त्याचं रेशीम आपल्याच ऐनावरचं. आपण पायलीभर तांदळाला कोश विकतो, आणि त्याच रेशमाचा शालू गाडाभर तांदूळ देऊन घेतो. शहाणे आपण!"

मग राजवाड्यात माग लागले. पहिलं लुगडं वाकडं झालं. दुसरं बरं झालं. तिसरं बघून शेजारचा राजा स्वतः गाडाभर तांदूळ घेऊन विचारत आला. गेलेली माणसं परतली. नांगराच्या फाळापुरता लोखंडाचा दगड लोहार लोहाईला विचारून घ्यायचा. प्रधानालाही मागावर बसवलं. धोटा इकडून तिकडे धावला की मान डोलवावी लागतेच.

लोहाई आपल्या जागी सुखात, गाव आपल्या घरात सुखात. शेठ मात्र अजून हिंडतोय म्हणे, नवा हार घेऊन. कुणी फार गोड बोलत आलं, तर आधीच्या तिघींची चौकशी करायची. कळलं?

झोपा आता. दाराला कडी लावलीय मी.

थांबा, एकदा बघून येते.