जगातला दुसरा भाषिक

एकदा एका शिष्याला जगात आहेत तेवढ्या भाषा अपुऱ्या वाटू लागल्या, म्हणून त्याने स्वतःची एक रचली. कल्पना अशी, की रोमन सैनिकांची एक तुकडी जर्मन लोकांत कायमची राहून गेली आणि शेकडो वर्षांच्या शेजाराने त्यांची बोली बदलत गेली. लग्न आणि देवधर्माचे शब्द रोमन वळणाचे, तर नांगर, चूल आणि शिव्या जर्मनांच्या. भाषा देखणी उतरली. अडचण एवढीच, की ती बोलणारा एकटा तोच होता. त्याच्याबरोबर तीही जाणार, हे त्याला सलत असे.

त्याने बायकोला शिकवायचा प्रयत्न केला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि दळणाचा डबा त्याच्या हातात दिला. मित्र रस्ता बदलू लागले. अखेर वृद्ध गुरुजी तयार झाले. दुपारची झोप मोडून त्यांनी ती भाषा आत्मसात केली. शिष्याला आकाश ठेंगणे झाले.

आणि मग गुरुजी बिघडले. अस्खलित बोलताना त्यांनी मध्येच 'चहा' घातला. रोमनांना चहा ठाऊक नव्हता, असे शिष्याने नम्रपणे सुचवले. दुसऱ्या दिवशी 'पोहे' आले, मग 'कंटाळा'. प्रत्यय मात्र शिष्याच्याच नियमांनी लावलेले. शिष्य वाक्यावाक्याला अडवू लागला, गुरुजी पुन्हा तेच करू लागले. शेवटी शिष्याने कपाळावर हात मारला.

"गुरुजी, तुम्ही माझी भाषा बाटवताय."

"बरं. उद्यापासून आपण मराठीतच बोलू," गुरुजी म्हणाले. "पण तुझ्या रोमनांनी पहिला जर्मन शब्द उचलला, तेव्हा त्यांच्यातही कोणी असंच कपाळ बडवलं असेल ना?"

"असेल."

"त्याचं ऐकलं असतं, तर तुझी भाषा झाली असती का? शेजारानं घडलेली भाषा रचलीस, आणि खरा शेजारी आला की उंबऱ्यावर अडवतोस. त्यांना जर्मन भेटले, तुला मी भेटलो. तलवारीला तू पाच शब्द केलेस, बाबा. मला आलेला कंटाळा मी कशात सांगू?"

शिष्याला पटले, पण राग काही लगेच उतरला नाही. तरी त्याने आपल्याच भाषेत गुरुजींना उद्याही हीच बोलण्याचा आग्रह केला. आग्रहाला तिच्यात शब्द नव्हता. त्याने तो मराठीतून घेतला आणि निमूटपणे त्याला प्रत्यय लावला.

आपण घडवलेल्या गोष्टीत दुसरा माणूस राहायला आला, की ती थोडी बिघडते. रिकामी ठेवली तरच जशीच्या तशी राहते.