तिरवीच्या वेळी तुटणारी जाहिरात

चूक रंगरावाची होती. हे आधीच सांगतो, कारण टेकडीवर मनोरा बघायला आलेल्यांना आमच्या गावचे म्हातारे ते सांगत नाहीत. ते थेट नदीआईच्या चमत्कारापासून सुरुवात करतात.

हा मनोरा 'रेडिओ तिरवी'चा. जाहिरातींवर चालणारं आमच्या तालुक्याचं स्टेशन. रोज दिवस मावळताना इथे चालू जाहिरात मधेच तोडतात. साडीची असो, खताची असो, शब्द अर्धाच राहतो. मग आवाज येतो, "तिरवीच्या पात्रात पाणी नाही. वाडीवाल्यांनी निवांत राहावं."

रंगराव या तिरवी नदीतलाच. उन्हाळ्यात कोरड्या पात्रातल्या वाळूत कलिंगडाच्या वाड्या लावणारं त्याचं घर. बाजारात तो लिलाव पुकारायचा तेव्हा आवाज म्हणे पलीकडच्या काठावर जायचा. त्याच आवाजाच्या जोरावर त्याने स्टेशन काढलं आणि पहिल्या दिवशी गावाला शब्द दिला, धरणाचं पाणी सुटणार असेल तर आधी आम्ही सांगू. मग वाडीवाडीच्या खोपीत रेडिओ आला. काठाने हाका देत फिरणारा धरणाचा माणूस फिरायचा बंद झाला.

पुढे एका अक्षय्य तृतीयेला रंगरावाने टूम काढली, मुहूर्ताची जाहिरात. भटजीने काढून दिलेल्या वेळेला, दिवस मावळताना, सराफाची जाहिरात लागणार, मधे अख्खी आरती, आणि ती अजिबात तुटणार नाही. पेढे खायला गावचे कारभारी स्टेशनात बसलेले. जाहिरात लागली आणि धरणावरून फोन आला. तो निवेदिका शेवंताने घेतला.

"दादा, पाणी सोडलंय. तोडते."

"संपू दे गं. शेठ अपशकुन धरतील."

"वाडीत माणसं आहेत. तुमचा सोपान आहे."

"सोपान जन्मापासून नदीत आहे. त्याला काय सांगायचंय? बस खाली."

सोपान त्याचा धाकटा भाऊ. कारभाऱ्यांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. तोंडात पेढे होते.

म्हातारे सांगतात, तेव्हा यंत्र आपोआप थांबलं आणि नदीआई स्वतः बोलली. कसली नदीआई! आरती निम्मी झाली तरी रंगराव हलेना, तेव्हा शेवंताने त्याचा हात झटकून आवाज तोडला आणि ओरडली, "वाड्या सोडा, पाणी येतंय!" काठाजवळचे लोक पोरंबाळं घेऊन वर आले. सोपानची वाडी सगळ्यात आत होती. त्याला तेवढा वेळ उरला नव्हता.

असंही सांगतात की रंगरावाने भाऊ नदीला अर्पण केला, म्हणून मनोरा उभा राहिला. अर्पण करायला सोपान काय नारळ होता? आणि मनोरा आधीपासूनच उभा होता. हे सांगणारे बहुतेक त्या पेढ्यांवाल्यांतलेच.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला शेवंताने कोणाला न विचारता जाहिरात तोडली, तिसऱ्या दिवशीही. कोणी अडवलं नाही.

आजही तुटते. पाणी सुटणार असलं की तसं सांगतात, नसलं तर नाही म्हणून सांगतात. दुकानदार त्याला शुभ मानतात, आपलीच तुटावी म्हणून भांडतात. रंगराव टेकडीखाली राहतो. त्याने पुन्हा माईक धरला नाही. त्याचा भाऊ गेला, आणि अंत्यसंस्काराला देहही मिळाला नाही.