बाळप्पानं ओढा पास केला

ओढ्याकाठच्या एका गावात बाळप्पा नावाचा भोळा माणूस राहायचा. त्याच गावात कापड रंगवायचा एक कारखाना होता. कारखाना काही भोळा नव्हता. रंगाचं पाणी सरळ ओढ्यात सोडायचा. ओढा सोमवारी लाल, मंगळवारी निळा. ते पाणी पिऊन शेवंताक्काच्या तीन म्हशी मेल्या. तिसरी मेली तशी आक्कानं ती बैलगाडीत घातली आणि थेट सरकारी कचेरीच्या दारात टाकली. वास सुटला, मग सरकारला जाग आली आणि नियम निघाला: कारखान्यानं पाणी गाळूनच सोडायचं, धूरही आवरायचा. कारखान्याचे शेठ कळवळले, "पाणी गाळत बसलो तर धंदा बुडेल हो!" आक्काचा दुधाचा धंदा आधीच बुडाला होता, पण तो कोण मोजतंय!

गावाला प्यायला आता एकच विहीर उरली होती.

नियम पाळवून घ्यायला कचेरीतल्या साहेबांनी बाळप्पाला नेमलं. स्वस्तात मिळाला ना! साहेब म्हणाले, "धूर दिसला की विझवायचा."

बाळप्पानं घरोघरच्या चुली विझवल्या. गाव उपाशी.

"आणि कारखान्याचा धूर रे?"

"धुराडं फार उंच, साहेब. घागर पोचली नाही."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, आधी नोटीस द्यायची! पंधरा दिवस थांबायचं!"

दुसऱ्याच दिवशी आक्काच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. बाळप्पानं गंजीपुढं उभं राहून नोटीस वाचली. पंधरा दिवसांची मुदत दिली.

"मुडद्या, पाणी आण!" आक्का बोंबलली.

दुपारपर्यंत राख झाली. बाळप्पानं वहीत लिहिलं, 'धूर मुदतीआधीच बंद.'

साहेब भडकले. "अशा वेळी कसली नोटीस? पाणी ओतायचं! मिळेल तिथून, भरपूर!"

चार दिवसांनी ओढा लालभडक झाला, आणि नेमकी ओढ्याच्या पाण्याची तपासणी तोंडावर. या वेळी चुकायचं नाही, असं बाळप्पानं ठरवलं. विहिरीचं पाणी उपसून तो ओढ्यात ओतायला लागला. ते बघून शेठना गहिवरूनच आलं. त्यांनी विहिरीवर स्वतःची पाणी उपसायची मोटार लावून दिली, वर चहाही पाजला. दिलदार माणूस!

साहेबांनी ओढ्यातून बाटली भरली. पाणी अगदी नितळ. कारखाना पास! शेठच्या गळ्यात हार पडतोय तोवर रिकाम्या घागरी घेऊन सगळं गाव आलं. पुढं शेवंताक्का.

"विहिरीत नुसता चिखल उरलाय! आता पोरांना काय पाजू?"

साहेब पांढरेफटक पडले. "बाळप्पा, काय केलंस हे?"

"तुम्ही सांगितलं तेच की." बाळप्पानं छाती फुगवली. "आणि पुढच्या तपासणीची काळजी नको, साहेब. शेजारच्या गावची विहीर बघून आलोय."