शहाण्यांची रास

वाकदरीच्या वेशीबाहेर ही जी धोंड्यांची रास दिसते ना मंडळी, तिला हात जोडू नका. इथे देव नाही. ही दीडशहाण्यांची रास आहे. शेंदूर नाही, नारळ नाही. त्यांची तेवढी लायकीही नाही.

असं सांगतात, फार पूर्वी इथे बाजीबा नावाचा भावकीतला थोरला होता. डोक्यावर भलंमोठं पागोटं, आत फारसं काही नाही. त्याच्या पुतण्याची बायको सारजा. तिला पुष्कळ नवसांनी मुलगा झाला. पोराचं उष्टावण आलं, म्हणजे पहिला घास. तेव्हाची इथली रीत अशी की मामाच्या घासावर भागायचं नाही. भावकीतल्या प्रत्येक घराने वाटी आणायची आणि आपल्या हाताने भरवायची. घास परतवला तर त्या घराचा अपमान. मग काय! कुणाची खव्याची खीर, कुणाचा घट्ट शिरा, आणि बाजीबाच्या घरचं तर पळी उभी राहील असं नाचणीचं सत्त्व. एवढंसं पोर, तोंडात दोन दात. त्याच्या पोटाची फिकीर कुणाला? वर पाणी द्यायचं नाही, कारण म्हणे त्याने मान पातळ होतो.

पोराला परसाकडं होईना. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. पाय आखडून रडायचं, कुंथून कुंथून लालबुंद व्हायचं. सारजाचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. आणि ज्यांनी भरवलं तेच आता ओसरीवर बसून अक्कल पाजळू लागले. एक म्हणाला, नजर लागली. दुसरा म्हणाला, आईचं दूधच जड. तिसऱ्याने पोराला उलटं धरून हलवायला सांगितलं. आपल्या वाटीचं नाव मात्र एकाच्या तोंडून निघेल तर शपथ! शेवटी बाजीबाने खाकरून निकाल दिला: दिवेलागणीपर्यंत पोट मोकळं झालं नाही, तर विळा तापवून पोटावर डाग द्यायचा. लगेच चुलीत विळा घातलासुद्धा.

विळा लाल होताना सारजाने पाहिला. तिने पदर खोचला, पोर उचललं, न्हाणीत शिरली आणि आतून अडसर घातला. बाहेर भावकी ओरडत होती. आत ती म्हणे गावदेवी वाकजाईला एवढंच म्हणाली, "आई, माझं पोर मोकळं कर. तुझ्या वेशीवर एकेका शहाण्याच्या हातून धोंडा ठेववीन." मग माहेरी धाकट्या भावंडांना करायची तसं तिने पोराला कोमट पाण्यात बसवलं. बेंबीभोवती तेलाचा हात गोल गोल फिरवला. गुडघे पोटाशी नेले, सोडले, पुन्हा नेले. सगळ्यांची नजर चुकवून आधीच भिजत घातलेल्या मनुकांचं पाणी गाळून थोडं थोडं पाजलं.

दिवे लागले. बाजीबाने दार फोडायला लावलं, पोर तिच्या हातून ओढलं, आपल्या मांडीवर जरीकाठी उपरण्यात आडवं टाकलं आणि विळ्याकडे हात केला. तेवढ्यात पोराने पाय पोटाशी घेतले, एकदा कुंथलं आणि साऱ्या भावकीचा मान सगळाच्या सगळा थोरल्यांच्या मांडीवर परत केला.

पोर हसलं. सारजा ढसाढसा रडली. आणि बाजीबा? लाज वाटली तर तो बाजीबा कसला! उपरणं झटकत म्हणाला, "पाहिलंत? आमच्याच सत्त्वाचा गुण!"

सारजाने डोळे पुसले, विळा उचलून पाण्यात बुडवला. चर्र झालं.

"थोरले मामंजी, वाकजाईला नवस बोललेय मी. ओढ्यातला मोठ्यात मोठा धोंडा उचला आणि वेशीवर ठेवा. माझ्या पोराबद्दल काय सांगायचं ते त्याला सांगा. मग घरात या."

नवस वाकजाईचा, नाही म्हणायची सोय नव्हती. शिवाय दारात बायका तोंडाला पदर लावून खुसुखुसू हसत होत्या. हा सगळ्यात पुढचा काळा धोंडा बाजीबाचा. मागचे बाकीच्यांचे.

आजही इथे तान्ह्या बाळाच्या घरी जायचं तर ओढ्यातून धोंडा आणायचा, आपला सल्ला त्याला सांगायचा, राशीवर ठेवायचा आणि तोंड मिटून घरात शिरायचं. आजही उष्टावण झालं की बाळाला या काळ्या धोंड्यावर उघडं बसवतात. बाळाने काही केलं तर गावभर साखर वाटतात.

अहो पाहुणे, मघापासून मी ऐकतोय, या ताईंच्या बाळाला काय भरवावं ते तुम्ही त्यांना समजावताय. ओढा तिकडे, चिंचेच्या पलीकडे. जा, धोंडा आपल्या मानाला शोभेल असाच आणा.